गियरबॉक्सचे लाड

आमचा भाचा मासळीचा ट्रक चालवतो. म्हणजे तो मालक आहे. चालवतो तो ड्रायव्हर. संध्याकाळी मुरूडला बर्फात मासळी भरायची, रेवदंडा-अलिबाग करत कार्लेखिंड चढायची, वडखळच्या कोंडीत यथाशक्ती पुण्य गोळा करायचं आणि पहाटेच्या लिलावाला मुंबई गाठायची, असा त्या ट्रकचा नित्यनेम. परवा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच.

"मामा, गियरबॉक्स तापतोय. कूलर बसवावा म्हणतोय."

मला वाटलं, उन्हाळ्यात आपण खिडकीला लावतो तो. पण नाही. कुणा हुशार माणसानं त्याला सांगितलं होतं की परदेशातल्या बड्या गाड्यांना गियरच्या तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर असतो; तो बसवला की मशीन म्हातारं होत नाही. बायकोच्या गुडघ्यासाठी या माणसानं इतका विचार केलेला मी पाहिला नाही.

आता वाचकहो, मी काही मिस्त्री नाही. पण वाद घालायला मिस्त्री असावं लागतं असं कुठं लिहिलंय? हे कूलरचं खूळ जिथलं आहे तिथं ते शोभतं. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद तेलातूनच पुढे जाते, तेल घुसळून तापतं, म्हणून ते नळ्यांतून फिरवून गार करावं लागतं. आपल्या हातगियरच्या ट्रकात तसं काही नसतं. दातेरी चाकं तेलात बुडतात, तेल उडवतात, आणि उष्णता पेटीच्या लोखंडातून वाऱ्याला जाते. वर्षानुवर्षं बोरघाट चढले ते ट्रक याच व्यवस्थेवर.

"मग तापतो का?" भाचा म्हणाला.

शेवटी आम्ही पेणला मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली शिरून गियरबॉक्सच्या कुशीतला बोल्ट काढला. तेल त्या भोकापर्यंत असावं लागतं. इथं बोट घातलं तर बोट कोरडं! सील गळत होतं. वरच्या हवेच्या भोकात चिखल बसलेला. "शेठ, नव्वद नंबर तेल आणि एक सील," मिस्त्री म्हणाला, "कूलर कशाला? हे म्हणजे जेवायला द्यायचं नाही आणि पंख्याने वारा घालायचा." मी त्याला तिथंच मनातल्या मनात पद्मश्री देऊन टाकली.

पण भाच्याच्या आजाराचं मूळ सीलमध्ये नव्हतं. २०१८ साली सरकारनं दोन आसांच्या सहाचाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेलं, तेव्हापासून भाच्याला वाटतं की हे त्याचं वैयक्तिक बक्षीस आहे आणि त्यावर थोडं आपलंही घालायला हरकत नाही. मग कार्लेखिंडीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर ट्रक विव्हळतो, कोंडीत अर्धा क्लच दाबून जळका वास येतो, आणि दोष कुणाचा? गियरबॉक्सचा!

मला राग आला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. मासळीला बर्फ आहे, गियरबॉक्सला कूलर येणार होता, आणि ड्रायव्हर? तो इंजिनाच्या झाकणाला मांडी लावून बसलेला असतो. झाकणावर गोणपाट टाकलेलं, गोणपाटावर जुनी गादी, तरी परतीच्या वाटेवर दुपारी मांडी भाजते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, पण कायदा नव्या ट्रकांचा. भाच्याचा ट्रक त्याच्या लग्नाआधीचा.

"कूलरचे पैसे वाचले ना?" मी म्हणालो. "मग केबिनला दोन पंखे लाव, आणि झाकणाखाली उष्णता अडवणारा जाड नमदा घाल."

"मामा, एवढी वर्षं चाललंच ना?"

"गियरबॉक्सही चाललाच होता की. त्याच्यासाठी तू पेणला आलास."

भाचा गप्प. ड्रायव्हर इतका वेळ टायरवर बसून विडी ओढत होता. तो उठला, विडी विझवली आणि म्हणाला, "शेठ, पंख्याचं राहू द्या. दहा पेट्या कमी भरा, म्हणजे खिंडीत वारा तरी लागेल."

भाच्याने कॅल्क्युलेटर काढला. दहा पेट्यांचा भाव लावून पाहिला आणि मिस्त्रीला विचारलं, "नमदा केवढ्याला पडेल?"