सिद्धांत आणि साक्ष

जो विचार वर्षानुवर्षे हिरिरीने मांडला, ज्याच्यावर लौकिक उभा राहिला, त्याच विचाराविरुद्ध पुरावा पुढे आला म्हणजे माणूस काय करतो? राजकारणात याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. पुराव्यात खोट काढली जाते, नाहीतर पुरावा आणणाऱ्याच्या हेतूंत. विज्ञानातही अखेर माणसेच असतात आणि हा मोह त्यांनाही सुटलेला नाही. तथापि केंब्रिजचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ अँड्रयू फेबियन यांच्या सुमारे अर्धशतकाच्या संशोधनात या प्रश्नाचे निराळे उत्तर सापडते. चळवळीत काम करणाऱ्यांनी ते समजून घ्यावे असे आहे.

शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या म्हणजे दीर्घिकांचा समूह होतो. त्यांच्यामधली जागा रिकामी नसते. तेथे कोट्यवधी अंश तापलेला अतिविरळ वायू असतो, आणि त्याचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या वस्तुमानाहून कितीतरी अधिक भरते. हा वायू क्ष-किरणांत तळपतो. पृथ्वीचे वातावरण ते किरण अडवीत असल्यामुळे उपकरण अवकाशात न्यावे लागते. या किरणांचा वर्णपट उलगडला की प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेच्या ठिकाणी आपली रेषा उमटवते. रेषांच्या जागेवरून आणि प्रखरतेवरून वायूचे तपमान कळते, रुंदीवरून त्यातील खळबळ. १९७६ साली ‘एरियल-५’ या ब्रिटिश उपग्रहाने सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ययाती समूहाच्या वर्णपटात लोखंडाची रेषा टिपली. लोखंड ताऱ्यांतच घडते. म्हणजे दीर्घिकांबाहेरचा हा वायूदेखील ताऱ्यांच्या भट्टीत शिजलेल्या द्रव्याने मिसळलेला आहे, हे तेव्हा सिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी फेबियन आणि पॉल नल्सेन यांनी एक सिद्धांत मांडला. समूहाच्या केंद्राशी वायू दाट असतो. दाट वायू ऊर्जा झपाट्याने बाहेर टाकतो, म्हणून निवतो. आणि निवलेल्या वायूची जागा घेण्यासाठी बाहेरचा वायू आत सरकतो. हिशेब मांडला तेव्हा काही समूहांत दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू असा निवत असला पाहिजे, असे निघाले. युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच होती, की इतका निवालेला वायू जातो कोठे, याचा पत्ता लागत नव्हता. त्यातून जन्मावेत इतके नवे तारे केंद्रात दिसत नव्हते. तारे लहान आणि मंद असल्यामुळे दिसत नसावेत, असे समर्थन पुढे आले. अशी समर्थने कोणत्याही पंथाच्या अनुयायांना परिचित आहेत.

निवाडा वर्णपटाने केला. कोट्यवधी अंशांवरून थंड होणारा वायू मधल्या तपमानांतून जाणारच, आणि त्या तपमानांना लोखंडाच्या विशिष्ट रेषा उमटल्याच पाहिजेत. १९९९ साली अवकाशात गेलेल्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ या युरोपीय वेधशाळेने आबेल १८३५ या समूहाचा सूक्ष्म वर्णपट घेतला. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सिद्धांताने सांगितलेल्या त्या रेषा तेथे आढळल्या नाहीत. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा निष्कर्ष जाहीर करणाऱ्या लेखाच्या सहलेखकांत फेबियन यांचे स्वतःचे नाव होते.

मग वायू निवत का नाही? त्याला ऊब देतो कोण? २००३ साली ‘चंद्रा’ या अमेरिकी वेधशाळेच्या साह्याने फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ययाती समूहाच्या वायूत तरंग दिसले. केंद्रस्थ दीर्घिकेतील कृष्णविवर जे बुडबुडे फुगवते, त्यांनी उठवलेल्या या ध्वनिलहरी होत. पण वायू किती वेगाने ढवळला जातो हे मोजण्यास अधिक सूक्ष्म उपकरण हवे होते, आणि त्याची कहाणी अपयशांची आहे. जपान व अमेरिका यांच्या सहकार्याने घडलेले असे पहिले उपकरण २००० साली अग्निबाणासह नष्ट झाले. दुसऱ्याचे शीतक द्रव्य २००५ साली कामाला आरंभ होण्यापूर्वीच निसटले. तिसरे ‘हितोमी’ उपग्रहावर होते. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी सोडलेला हा उपग्रह २६ मार्चला गमावला. परंतु तेवढ्या दिवसांत त्याने ययाती समूहाच्या अंतर्भागातील वायूचा वेग मोजला होता: सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर. वायू अपेक्षेहून शांत निघाला, आणि ऊब दूरवर पोहोचते कशी हा प्रश्न अधिकच टोकदार झाला.

जपानी संस्थेने अपघाताची चौकशी करून आपल्या कारभारातील उणिवा अहवालात जाहीरपणे मान्य केल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘क्रिझम’ या उपग्रहावर तसेच उपकरण पुन्हा पाठवले. त्याच्या झडपेने दगा दिला. ती न उघडल्याने कमी ऊर्जेचे किरण अडले, तरी उरलेल्या किरणांवर काम सुरू झाले. दरम्यान २०२२ साली फेबियन यांनी जुना प्रश्न पुन्हा उघडला: निवणाऱ्या वायूचा काही भाग थंड वायूच्या पडद्याआड दडला असेल काय? हा जुन्या मताचा हट्ट नव्हे. पडदा असेल तर वर्णपटात काय दिसावे, हेही त्यांनी मांडले. म्हणजे स्वतःला खोटे ठरवण्याचे साधन प्रतिपक्षाच्या हाती दिले.

भारतासारख्या देशाने असल्या संशोधनावर खर्च का करावा, हा प्रश्न गैर नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला. त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिचा कॅमेरा इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने सिद्ध झाला. दूरच्या लोखंडाची रेषा विकून नफा होत नाही, म्हणून कोणतीही कंपनी हे काम अंगावर घेणार नाही. ते लोकांच्याच पैशातून होणार. अशा वेळी मागणी करायची ती खर्च बंद करण्याची नव्हे, हिशेब उघडा ठेवण्याची: निरीक्षणे सर्वांना खुली असावीत, अपयशाची कारणे जाहीर व्हावीत, आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरात कोणी विज्ञान शिकले नाही त्यालाही त्या प्रयोगशाळेचे दार उघडे असावे.

सिद्धांत प्राणपणाने जपणारे पुष्कळ असतात. तो कोणत्या साक्षीने खोटा ठरेल हे आधीच सांगून ठेवणारे थोडे. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पहिल्या गुणाचे धडे भरपूर दिले जातात. दुसऱ्याचेही देण्याची वेळ आली आहे.