घरांचे कारखाने का बंद पडतात?

विशेष प्रतिनिधी

भिंती, जिने, स्नानगृहे कारखान्यात तयार करायची आणि जागेवर आणून केवळ जोडायची, ही कल्पना कागदावर अत्यंत आकर्षक आहे. प्रत्यक्षात मात्र २०२३ साली ब्रिटनमध्ये तिला लागोपाठ धक्के बसले. 'लीगल अँड जनरल' या विमा क्षेत्रातील बलाढ्य कंपनीने मे महिन्यात यॉर्कशायरमधील आपल्या घरांच्या कारखान्यातील उत्पादन थांबविले. पाठोपाठ जूनमध्ये 'इल्के होम्स' कोलमडली आणि हजाराहून अधिक कर्मचारी बेकार झाले. त्यापूर्वी २०२१ मध्ये अमेरिकेतील 'काटेरा' कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती.

मग तंत्रज्ञानच फसले काय? तसे म्हणता येणार नाही. काम नसताना ठेकेदार मजूर कमी करू शकतो. कारखान्याचा खर्च मात्र थांबत नाही. त्यातच प्रत्येक कंपनीची मापे वेगळी, जोड वेगळे. त्यामुळे एकीचे भाग दुसरीच्या इमारतीत बसत नाहीत आणि मोठ्या उत्पादनाचा लाभ कोणालाच मिळत नाही.

मोटार उद्योगाने हे कोडे केव्हाच सोडविले. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून या गाड्या दिसायला निराळ्या असल्या, तरी त्यांचा पाया एकच आहे. बांधकामातही असाच सामाईक 'प्लॅटफॉर्म' हवा, असा विचार ब्रिटनमध्ये पुढे आला. शाळा, रुग्णालय, तुरुंग या इमारतींचे उपयोग भिन्न असले, तरी त्यांच्या मजल्यांची उंची आणि खांबांमधील अंतर बऱ्याच अंशी जुळवून घेता येते. त्यासाठीची नियमावली 'कन्स्ट्रक्शन इनोव्हेशन हब'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. लंडनच्या बँकसाइड भागातील 'द फोर्ज' ही कार्यालयीन इमारत याच पद्धतीने उभी राहिली.

आपल्याकडील अनुभवही बोलका आहे. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या 'लाइट हाऊस' प्रकल्पांत इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ या सहा शहरांत प्रत्येकी सुमारे हजार घरांसाठी सहा निरनिराळी तंत्रे वापरण्यात आली. प्रयोग म्हणून ते योग्यच होते. पण पुढेही दर शहरात नवे तंत्र आणि नवी मापे असतील, तर स्वस्त घराचे आश्वासन कारखान्याच्या दाराशीच अडेल.

अर्थात, सामाईकपणाला दुसरी बाजूही आहे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील 'रोनन पॉइंट' या २२ मजली इमारतीत वायूचा स्फोट झाला आणि तिचा एक कोपरा ढासळून चार जणांचा बळी गेला. दोष सुट्या भागांच्या जोडात होता. साहजिकच त्याच पद्धतीने बांधलेल्या अन्य इमारतींविषयीही भीती निर्माण झाली. एक जोड हजार ठिकाणी वापरला, की त्यातील चूकही हजार ठिकाणी पोहोचते. म्हणूनच तपासणी आणि उत्तरदायित्व कोणाचे, हे आधी ठरले पाहिजे.

कोणत्याही भट्टीची वीट कोणत्याही भिंतीत बसते. तिच्यावर एका कंपनीची मालकी नाही. कारखान्यातील घराच्या भागांना हे भाग्य लाभवायचे, तर सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या सरकारने निविदेतच समान मापांचा आग्रह धरायला हवा. अन्यथा कंपनी बुडाल्यावर तिच्या घराचा एखादा भाग बदलण्याची वेळ येईल, तेव्हा रहिवाशाने तो आणायचा कोठून?