कुठे निघालीस?

मैत्रिणींनो, साठी ओलांडल्यावर मी पुन्हा सायकल शिकले. 'पुन्हा' म्हणते, कारण कॉलेजात असताना पुण्यात मी रोज सायकलनेच हिंडत होते. लग्नानंतर ती सायकल जिन्याखाली गेली आणि काही वर्षांनी भंगारात. तिच्यासाठी मी कधी हळहळले नाही. हळहळायला वेळच नव्हता.

लेक एडिंबरात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होते. एका रविवारी ती म्हणाली, "आई, चल, जंगलात सायकल चालवायला जाऊ." मी ताडकन म्हणाले, "हे भरल्या पोटाचे चोचले आहेत." रेशन, रोजगार हमी, दारूबंदी, मारहाणीच्या केसेस यांत माझी तीस वर्षे गेली. डोंगरात सायकल चालवणे हा विषय माझ्या डायरीत बसणारा नव्हता. पण लेकीने ऐकले नाही.

एडिंबराच्या दक्षिणेला ट्वीड नदीचे खोरे आहे. तिथल्या पीबल्स गावाजवळ ग्लेनट्रेस नावाचे जंगल आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाकडाचा तुटवडा पडला, म्हणून 1919 मध्ये सरकारने वनखाते उभे केले आणि अशा उतारांवर सूचिपर्णी झाडे लावली. आजही तिथे लाकूड तोडले जाते. पण त्याच झाडांमधून सायकलींसाठी मुद्दाम वाटा काढल्या आहेत. प्रत्येक वाटेला रंग दिलेला असतो: हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड आणि काळी फारच अवघड. 2023 च्या ऑगस्टमध्ये या खेळाची जागतिक स्पर्धा याच जंगलात झाली. बायकांचीही आणि पुरुषांचीही. हा खेळ नवा आहे. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत पुरुष 1896 पासून ऑलिंपिकमध्ये उतरत होते, बायकांना तिथे 1984 मध्ये जागा मिळाली. डोंगरी सायकल मात्र 1996 मध्ये ऑलिंपिकला आली ती पहिल्याच दिवसापासून दोघांची.

आम्ही हिरवी वाट घेतली. बरोबर सहा-सात बायका होत्या आणि शिकवणारीही बाईच. सायकल जाड टायरांची, पुढच्या चाकाला धक्के शोषणारी. उतारावर सीटवर बसायचे नाही, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभे राहायचे, कोपर वाकलेले ठेवायचे, ब्रेक करकचून न दाबता हलके दाबायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे तिने सांगितले ते हे, की दगडाकडे बघू नकोस. दगडाकडे बघितलेस की चाक दगडावरच जाते. जिथे जायचे आहे तिथे बघ. मी अर्थात दगडाकडेच बघितले आणि पडले. गुडघा खरचटला. कुणी हसले नाही, कुणी "या वयात कशाला" म्हणाले नाही. तासाभराने एका वळणावर पोहोचलो, तर खाली नदी दिसत होती. मी सायकल आडवी टाकून तिथे बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे.

आणि मग लक्षात आले, की सकाळपासून मला कुणी विचारले नव्हते, "कुठे निघालीस?"

स्कॉटलंडमध्ये 2003 साली जमीनसुधारणेचा एक कायदा झाला. बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून, मालक कुणीही असो, माणसाला पायी, घोड्यावर किंवा सायकलवरून जाता येते. अट एकच, की जबाबदारीने वागायचे. कारण द्यावे लागत नाही. मौज हे कायद्याला पुरेसे कारण आहे.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. त्या दिवशी जंगलात दिसलेले बहुतेक सायकलस्वार पुरुषच होते. आम्ही दोघी मायलेकी सोडल्या, तर सावळ्या रंगाचे मला कुणी दिसले नाही. सायकल भाड्याने घ्यायलाही पैसे लागतात. कायदा वाट मोकळी करतो, वेळ आणि पैसा देत नाही. तरीही वाट मोकळी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्या वळणावर मला एक मुलगी आठवली. ही गोष्ट मी आजवर कुठल्या बैठकीत सांगितलेली नाही.

सह्याद्रीतल्या एका पाड्यावर आमच्या गटाचे काम होते. तिथल्या आठवीतल्या मुलीला सरकारी योजनेतून शाळेसाठी सायकल मिळाली होती. एका संध्याकाळी ती शाळेतून घरी न येता रानातल्या वाटेने थेट नदीपर्यंत गेली. एकटी. अंधार पडायच्या आत परत आली, पण पाड्यावर गहजब झाला. कोण भेटले, कोणासाठी गेलीस? ती एवढेच म्हणत राहिली, "कोणी न्हाई. अशीच गेले." ते कुणालाच पटले नाही. बापाने सायकल घराच्या आढ्याला टांगली. आई माझ्याकडे आली, "ताई, तुम्ही समजवा तिला." मी समजावले. म्हणाले, "सायकल शाळेसाठी दिलीय ना? मग कारण नसताना तिकडं कशाला जायचं?" स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत भाषणे करणारी मी, हे बोलले. सायकल पुढे खाली आली, पण त्या वाटेवर ती पुन्हा गेली नाही.

तिची आई रोज त्याच वाटेने जात होती. डोक्यावर मोळी घेऊन. तिला कधी कुणी अडवले असेल तर वनरक्षकाने, पाड्याने नव्हे. कारण तिच्याकडे कारण होते. आपल्याकडे बाई जंगलात जाते ती सरपणाला, पाण्याला, हिरड्याला, गुरांमागे. डोक्यावर ओझे असले की ती बाई चांगली. हात रिकामे असले की संशय.

आपल्या चळवळीनेही बाईचे कारणच मोजले आहे, असे मला आता वाटते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्याचे उदाहरण आपण नेहमी देतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून तिथल्या एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. आपण सांगतो की पाणी आणणे सोपे झाले, बाजारात माल नेता आला. पण पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे, की त्या बायकांना पैशाच्या फायद्यापेक्षा मोकळेपणाची, स्वतंत्रपणाची जाणीव मोठी वाटत होती. ते वाक्य आपण अहवालात घेत नाही, कारण देणगीदाराला ते कुठल्या रकान्यात दाखवणार?

कुणी म्हणेल, पाड्यावरच्या बाईला आधी पाणी द्या, मौजेचे मग बघू. हे मीही वर्षानुवर्षे म्हणत आले. पण 'मग' कधी येतो? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ त्या बिनपगारी कामात जातो असे दिसले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. नळ आला तरी वाचलेला वेळ तिच्या नावावर जमा होत नाही. तो घर घेते, किंवा बचतगट घेतो, किंवा आपली बैठक घेते. स्वतःसाठीचा वेळ ही मागणी म्हणून मांडली नाही तर तो कधीच उरत नाही. आणि भीतीचे म्हणाल, तर बिबट्याची भीती खरी आहे. पण त्या मुलीला कुणी बिबट्याबद्दल विचारले नव्हते.

दुसरी बाजूही बघायला हवी. शहरातले सायकलवाले आता सह्याद्रीतही शनिवार-रविवारी येतात. मला त्यांचा राग नाही, आता तर मुळीच नाही. पण त्यांनी मौजेसाठी ज्या वाटेवर यायचे त्याच वाटेवर मोळीवाल्या बाईने वनरक्षकाला चुकवत चालायचे, हे चालणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक दावा पती-पत्नी दोघांच्या नावे करावा लागतो, आणि सामूहिक वनसंपत्तीत कुणी कसे यायचे हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे वाट कुठून जावी, पाहुण्यांकडून काय घ्यावे, कुठला भाग बंद ठेवावा, यावर पाड्यातल्या बायका बोलू शकतात. त्या यादीत एक ओळ आणखी हवी: गावातल्या मुलींना या वाटांवर हिंडता येईल, आणि त्यांना कारण विचारले जाणार नाही.

पुढच्या शिबिरात मी एक तास मागून घेणार आहे. त्या तासात गाणी नाहीत, गटचर्चा नाही, अहवाल नाही. जवळच्या टेकडीवर नाहीतर नदीवर जायचे, पायी किंवा सायकलने, आणि परत यायचे. तुमच्या गटात हे करून बघा आणि काय अडचणी आल्या ते या अंकाकडे लिहून पाठवा. कुणाच्या घरून फोन आला, कोण आधी उठली, कोणाला अपराधी वाटले, तेही लिहा.

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. परत आल्यावर मी तिला भेटले, माझे चुकले असे सांगितले. तिला तो प्रसंग माझ्यापेक्षा स्पष्ट आठवत होता. जरा वेळाने म्हणाली, "ताई, त्या दिवशी नदीला लई पाणी होतं. ते बगायला गेल्ते." एवढेच कारण होते. मी तेव्हा नीट ऐकले असते, तर तेही तिला सांगावे लागले नसते.