नव्याचा सण, जुनी माणसं

जग ज्याला रोश हशाना म्हणतं, त्याला रायगडातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या ‘नव्याचा सण’ म्हणत आले. ज्यू पंचांगही आपल्यासारखंच चंद्राचं बोट धरून चालणारं आणि अधिक महिना घालून सूर्याशी मेळ राखणारं. त्यामुळे हा वर्षारंभ कधी गणपतीच्या तोंडावर येतो, बहुतेकदा घटस्थापनेच्या आसपास. सिनेगॉगमध्ये एडक्याच्या शिंगाचा शोफार घुमतो, सफरचंदाच्या फोडी मधात बुडवल्या जातात, मागोमाग नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर येते आणि दहाव्या दिवशी कडक उपवासाचा ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे योम किप्पूर. हे दहा दिवस सरत्या वर्षाचा जाब स्वतःलाच विचारण्याचे. तो जाब विचारण्याचा हक्क सगळ्यांत आधी घरातल्या थकल्या माणसांना असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दक्षिण लंडनमध्ये क्लॅपमजवळ ‘नाइटिंगेल हाउस’ हे ज्यू वृद्धांचं घर आहे. त्याची मुळं 1840 सालात, ईस्ट एंडमध्ये, उतारवयात हात रिकामे झालेल्या ज्यू व्यापाऱ्यांसाठी काढलेल्या एका आश्रयगृहात सापडतात. आजच्या जागी ते आलं 1907 साली. अशा घराकडून जे अपेक्षित असतं, म्हणजे कोशर स्वयंपाक, शब्बाथ, सणवार, औषधपाणी, ते तिथे आहेच. पण सप्टेंबर 2017 मध्ये त्याच आवारात एक बालवाडी सुरू झाली, आणि तिचं नाव ठेवलं ‘ॲपल्स अँड हनी’: नव्या वर्षाच्या ताटातलं सफरचंद आणि मध! वृद्धनिवास आणि बालवाडी एकाच आवारात नांदण्याचा ब्रिटनमधला हा पहिलाच प्रयोग मानला जातो. मुलं आजी-आजोबांसोबत गातात, पीठ मळतात, खुर्चीत बसून करायचे हलके व्यायाम करतात. मुलांत सगळ्याच धर्मांची असतात.

हा प्रयोग गोड आहे, पण त्याच्या गोडव्यावरच थांबलो तर त्यातलं महत्त्वाचं निसटेल. वृद्धांसाठी आपण आजवर ज्या सोयी केल्या, त्या सगळ्या त्यांना काही ना काही देणाऱ्या: जेवण, गोळी, आधाराचा हात, भजनाला पेटी. घेणाऱ्याच्या जागेवर आयुष्याचा उरलेला काळ बसून राहायचं, ही शिक्षा किती जड असते, हे संसार ओढलेल्या माणसालाच कळावं. तीन वर्षांच्या पोराला मात्र गोष्ट हवी असते, बटण लावून हवं असतं, ‘हे काय?’ याचं उत्तर हवं असतं. ते म्हाताऱ्या माणसाकडे चक्क काहीतरी मागतं. यापेक्षा मोठी सेवा कोणत्या खात्यात मांडायची?

आपल्याकडे ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की अजून आवाज खाली येतो. कोणी कोणाला ‘ठेवलं’, मुलगा कुठे असतो, सुनेचं काय, इथवर आपली चौकशी पोचते आणि तिथेच संपते. त्या दाराच्या आत दिवस कसा उगवतो, हे विचारायचं आपण टाळतो. लाज बाळगण्यात आपण इतके गुंतलो, की ती घरं चांगली असावीत हा आग्रह धरायचंच राहून गेलं. ज्या ज्यू समाजाला शतकानुशतकं एका गावी टिकून राहण्याची खात्री नव्हती, त्याने मात्र अनाथ, विधवा आणि वृद्ध यांची चिंता एकेका कुटुंबावर न सोडता सगळ्या जमातीच्या अंगावर घेतली. पुण्याला त्याची ओळख जुनी आहे. नवी पेठेतला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या दानातून उभा राहिला, आणि त्याचं दार एका धर्मापुरतं नव्हतं.

बेने इस्रायलांच्या वाट्याला तर हा प्रश्न दुहेरी आला. 1948 नंतर तरुण पिढ्या इस्रायलला गेल्या, दिमोना, अश्दोद, लोद, रामलेत रुजल्या. भारतात आता जेमतेम चार-पाच हजार माणसं उरली, बहुतेक मुंबई-ठाण्यात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ‘जॉइंट’सारख्या ज्यू मदतसंस्थेचा हात पोचतो, हे बरंच. पण तिकडे गेलेल्यांचं म्हातारपणही आता दारात आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. तिशीत हिब्रू गिरवलेली पेणची किंवा अलिबागची आजी अखेरीस मराठीत पाणी मागू लागली, तर उशाशी बसलेल्या परिचारिकेला ते कळायला हवं. मराठी समजणारा एक माणूस ही अशा घरातली सगळ्यांत निकडीची नवी सेवा ठरेल. आणि ते काम काही फक्त इस्रायलमधल्या मराठी घरांचं नाही; न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत आपली माणसं म्हातारी होत आहेत.

किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला बेने इस्रायल ‘शिळा सण’ म्हणतात. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांच्या घरी भेटीला जायचं, अशी रीत. मुंबई-ठाण्यात ज्यांची मुलं दूर आहेत, अशांचे पत्ते शेजाऱ्यांना ठाऊक असतात, आणि भेटीला जाण्यासाठी त्याच धर्माचं असावं लागत नाही. जाताना घरातलं एखादं लहान मूल सोबत न्यावं.