हजेरीची पंचाहत्तरी

माणसाची पंचाहत्तरी झाली म्हणजे आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. कॉलेजातल्या पोराची पंचाहत्तरी भरली नाही म्हणजे त्याचे नाव नोटीस बोर्डावर लागते. ऐन दिवाळीच्या तोंडावर, घरोघर भाजणीचा खमंग वास सुटलेला असताना, ही यादी डकवली जाते. तिला तिथे ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. बँकेचे कर्ज बुडवणाऱ्याला जो शब्द, तोच तास बुडवणाऱ्याला! फरक एवढाच की, मोठी कर्जे बुडवणाऱ्यांची नावे अशी भिंतीवर लागलेली मी तरी पाहिली नाहीत.

मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावी झालो, आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक झालो, आणि पुढे शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो. कादंबऱ्या लिहितो, ते पाप निराळे. तेव्हा ‘तुम्हांला कॉलेजातले काय कळते?’ असे कोणी विचारील, तर विचारो बापडा. हजेरी मात्र मी वीस वर्षे घेत आलो आहे. एखादे पोर तीन दिवस दिसले नाही की मी चौथ्या दिवशी त्याच्या घरी जातो. कधी आई आजारी असते, कधी ऊसतोडीला बिऱ्हाड हललेले असते, कधी नुसतीच चप्पल तुटलेली असते. हजेरीपुस्तक मला कुठे जायचे ते सांगते. त्याचा हाच उपयोग मला ठाऊक आहे.

कॉलेजात त्याचा उपयोग बदलतो. चार क्रेडिटांच्या विषयाला सत्रात ६० तास. त्यांतले ७५ टक्के, म्हणजे ४५, भरले पाहिजेत. न भरले तर परीक्षेला बसता येणार नाही. मूल का आले नाही, हे विचारायला कोणी त्याच्या दारात जात नाही.

माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम. करतो. वडील नाहीत. पहाटे तीनला बाजार समितीच्या आवारात भाजीच्या गाड्या लागतात. हा क्रेट उतरवतो, काट्याशी उभा राहून वजने मांडतो, लिलाव उरकला की आडत्याच्या पेढीवर बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहितो. हमाली वजा, तोलाई वजा, उचल वजा; एका रुपयाची चूक नाही. आणि कॉलेजात याचा कोणता तास बुडत होता? सकाळी साडेसातचा, अकाउंट्सचा!

गेल्या वर्षी त्याचे ३८ तास भरले. यादीत नाव आले तेव्हा मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, नोकरीचं कारण चालत नाही. मेडिकल आणा, बघू काहीतरी.”

बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, “सर, पण मी आजारी नव्हतो हो.”

खोटे कशाला सांगू? ‘आण की रे एक सर्टिफिकेट’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मी ते गिळले. ज्या नियमापुढे खरे कारण उभे राहू शकत नाही आणि विकत घेतलेला कागद सहज आत जातो, त्याला शिस्त म्हणायचे? शिस्तीच्या नावाखाली आपण अठरा वर्षांच्या मुलांना खोटे दाखले आणायला शिकवतो, आणि मग नीतिमूल्यांवर व्याख्याने ठेवतो. त्या व्याख्यानांनाही हजेरी असतेच!

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील, ‘मास्तर, हजेरी सोडली तर वर्ग ओस पडतील.’ पडतील, काही पडतीलही. नुसती उनाडकी करणारी मुले आहेत, हे मला का ठाऊक नाही? पण मित्राच्या नावाला ‘हजर’ म्हणणारी हीच मुले पंचाहत्तरी बिनबोभाट पूर्ण करतात. सापडतो तो एकटा, ज्याला तसे करायला मित्रही नाही आणि वेळही नाही. शिवाय, वर्ग ओस पडण्याचे दुसरेही एक कारण आहे. आपल्या कॉलेजांतून प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मोबदल्यावर, उच्चविद्याविभूषित माणसे राबतात. त्या रिकाम्या जागांची टक्केवारी कोणी नोटीस बोर्डावर लावील काय?

आपल्याच मुलखात याहून शहाणी माणसे होऊन गेली. १८५५ साली जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांचा नव्हताच. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. साताऱ्याला १९४७ साली कर्मवीरांनी कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व धरून. ही माणसे काही लाड करणारी नव्हती. कर्मवीरांइतकी कडक शिस्त आज एका तरी प्राचार्याला झेपेल का? पण त्यांनी आधी पोराचा दिवस पाहिला, मग घंटा लावली. आपण घंटा लावतो आणि पोराला कापून तिच्या मापात बसवतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरते सांगितले की, केवळ हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून अडवू नका. त्या निकालाच्या मागे एका विद्यार्थ्याची आत्महत्या होती. ती २०१६ सालची. एवढी साधी गोष्ट कोर्टाला सांगावी लागली, आणि तीही इतक्या वर्षांनी!

आमच्या मुलाने सर्टिफिकेट आणले नाही. पेपर होता त्या सकाळी तो बाजार समितीत होता. दिवाळीचा झेंडू उतरत होता. मी मुद्दाम गेलो. त्याने दोन शेर फुले पिशवीत घालून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

परवा कॉलेजावरून जाताना यंदाचे वेळापत्रक पाहून आलो. पहिला तास साडेसातचा. अकाउंट्सचाच.