एका ॲ चे दोन अवतार

'युनिकोड आलं, मराठीचे प्रश्न संपले' असं आपल्यातले बरेच इंजिनिअर ठोकून देतात. साफ चूक!

फ्रेंचमधला डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ई' घ्या. तो दोन प्रकारे साठवता येतो: तयार अक्षर, किंवा साधा ई अधिक रेघ. युनिकोड दोन्ही एकच मानतं, नॉर्मलायझेशन केलं की फरक मिटतो.

आता आपला ॲ. त्याला स्वतंत्र कोड मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र चिकटवायचे. काहीजण आजही चिकटवतात. काही सॉफ्टवेअरमध्ये दिसायला दोन्ही सारखेच. पण इथे नॉर्मलायझेशन हात टेकतं. 'अ अधिक चंद्र वापरू नका' एवढं सांगून युनिकोड मोकळं!

परिणाम? गिरगाव ते परळमधल्या वकिलांची यादी करा आणि डेटाबेसमध्ये साध्या सर्चने 'ॲड.' शोधा. चंद्र चिकटवलेले वकीलसाहेब गायब!

उपाय एका ओळीचा आहे: मजकूर आत घेतानाच अ अधिक चंद्राचा ॲ करा, आणि शोधशब्दाचाही. तेवढंही न करता 'मराठी सपोर्ट' म्हणून कसले मिरवता? अक्षर दिसणं म्हणजे भाषा चालणं नव्हे. दादरच्या आजींना हे कळायची गरज नाही. आपल्याला आहे, पगार त्याचाच घेतो ना?