कंधार मतदारसंघ गेला कुठे? नांदेड जिल्ह्यातला मतदार लातूरचा खासदार का निवडतो?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडचं मतदान २६ एप्रिलला झालं. नांदेड शहर, भोकर, देगलूर, मुखेडच्या लोकांच्या बोटाला शाई लागली. त्याच जिल्ह्यातल्या लोहा आणि कंधारच्या मतदारांना मात्र ७ मेपर्यंत थांबावं लागलं, कारण त्यांना खासदार निवडायचा होता लातूरचा. जिल्हाधिकारी नांदेडचे, जिल्हा परिषद नांदेडची, पोलीस अधीक्षक नांदेडचे आणि खासदार लातूरचे! हे असं का, आणि 'कंधार' नावाचा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला कसा, हे समजून घेऊ. पुढच्या फेररचनेत हाच प्रश्न तुमच्या गावापर्यंतही येऊ शकतो.

कंधार मतदारसंघाची ओळख काय होती?

कंधार म्हटलं की राष्ट्रकूट काळापर्यंत इतिहास नेणारा भुईकोट किल्ला आठवतो आणि राजकारणात आठवतात भाई केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पाच वेळा आमदार झाले आणि १९७७ मध्ये नांदेडचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. मन्याड खोऱ्यातल्या या नेत्याने सत्तेत नसतानाही विधानसभा दणाणून सोडली. १ जानेवारी २०२३ रोजी, वयाची शंभरी पार केल्यावर, त्यांचं निधन झालं.

काँग्रेसचा दबदबा असलेल्या जिल्ह्यात वेगळा कौल देणारा मतदारसंघ ही कंधारची ओळख होती. १९९५ मध्ये इथून शिवसेनेचे रोहिदास चव्हाण निवडून आले. २००४ मध्ये प्रतापराव पाटील चिखलीकर अपक्ष म्हणून जिंकले. 'कंधार' या नावाने झालेली ती शेवटची विधानसभा निवडणूक.

मग २००८ मध्ये काय झालं?

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून देशभरातल्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या. १९ फेब्रुवारी २००८ पासून ही रचना लागू झाली. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, आतल्या रेषा मात्र बदलल्या.

नांदेड जिल्ह्यात कंधार, बिलोली, मुदखेड ही नावं गेली. लोहा, नायगाव, देगलूर आली. नांदेड शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. लातूर जिल्ह्यात 'हेर' हा मतदारसंघ संपला आणि लातूरचे शहर व ग्रामीण असे दोन झाले. लोहा आणि कंधार तालुक्यांचा मोठा भाग मिळून जो मतदारसंघ झाला, त्याच्या पाटीवर फक्त 'लोहा' राहिलं.

लोहा लातूरकडे का गेलं?

इथे थोडं गणित करू. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. तिला २८८ ने भागलं की एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार लोक येतात. आणि २८८ भागिले ४८ म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला बरोबर ६ विधानसभा. आता जिल्हे बघा:

• नांदेड: २८.७६ लाख लोकसंख्या, ९ जागा
• लातूर: २०.८० लाख, ६ जागा
• धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद): १४.८६ लाख, ४ जागा
• हिंगोली: ९.८७ लाख, ३ जागा

नांदेडकडे ३ जागा जास्त, हिंगोलीला ३ कमी, धाराशिवला २ कमी. लातूरचा हिशेब तर सहाला सहा असा चोख बसत होता. पण प्रत्यक्षात किनवट आणि हदगाव हिंगोलीला जोडले गेले, सोबत विदर्भातलं उमरखेड आलं. धाराशिवला सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि लातूरची औसा मिळाली. औसा गेल्यामुळे लातूरमध्ये एक जागा रिकामी झाली आणि ती भरली नांदेडच्या लोह्याने. एक सोंगटी हलवली की शेजारच्या चार हलतात, तसा हा प्रकार.

याने मतदाराचं काय बिघडलं?

२०१९ चं उदाहरण बोलकं आहे. २०१४ मध्ये लोह्यातून आमदार झालेले चिखलीकर २०१९ ला नांदेड लोकसभेत उभे राहिले आणि अशोक चव्हाण यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्यांचा ४० हजारांहून अधिक मतांनी पराभव करून राज्यभर गाजले. पण ज्या लोहा-कंधारने त्यांना आमदार केलं, तिथल्या मतदाराला या लढतीत मतच नव्हतं! १८ एप्रिलला तो लातूरसाठी बटण दाबत होता, आणि तिथून सुधाकर शृंगारे निवडून आले.

रोजच्या कामातही हे जाणवतं. खासदार निधीतलं काम सुचवणार लातूरचे खासदार, ते उभं राहणार नांदेड जिल्ह्यात. नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूर रोडला जोडणाऱ्या रेल्वेची मागणी जुनी आहे. ती कोणी लावून धरायची, नांदेडच्या खासदारांनी की लातूरच्या? दोघेही 'आमचाच प्रश्न' म्हणाले तर उत्तमच. पण दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि मतदाराच्या हातात फक्त एकाचाच हिशेब करणारं मत आहे.

नावाचं नुकसान वेगळं. आज एखाद्या तरुणाने मोबाइलवर 'लोहा विधानसभा निकाल' शोधलं तर इतिहास २००९ पासून सुरू होतो. केशवरावांचा काळ दुसऱ्याच, बंद झालेल्या नावाखाली पडून आहे. २०१९ मध्ये लोह्यातून श्यामसुंदर शिंदे जिंकले आणि शेकापचे राज्यातले एकमेव आमदार ठरले. कंधारचा इतिहास माहीत नसलेल्याला तो अपघात वाटेल. माहीत असलेल्याला त्यात जुनी मुळं दिसतील.

फेररचना नकोच का?

असं म्हणणं चुकीचं ठरेल. शहरं वाढतात, लोक स्थलांतर करतात. रेषा जुन्याच ठेवल्या तर एकाच्या मताची किंमत दुसऱ्याच्या मतापेक्षा कमी होते. नांदेड शहराला दोन आमदार मिळाले ते योग्यच झालं. पण परिसीमन कायदा फक्त लोकसंख्या बघायला सांगत नाही. भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघा, असंही त्यात लिहिलेलं आहे.

नावाबाबत तर अडचण नव्हतीच. त्याच फेररचनेत यवतमाळ-वाशीम, भंडारा-गोंदिया, रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशी जोडनावं आली. 'लोहा-कंधार' करायला काय हरकत होती? कार्यकर्ते, पुढारी आणि आम्ही बातमीदारही बोलताना 'लोहा-कंधार'च म्हणतो. राजपत्र तेवढं म्हणत नाही.

आता हे कशाला उकरायचं?

कारण राज्यघटनेनुसार पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर टांगलेली आहे, आणि २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश जागाही फेररचनेशी जोडल्या. म्हणजे या वेळी हद्दींसोबत आरक्षणाचंही चित्र बदलेल.

२००२ च्या कायद्याने आयोगाला आधी प्रस्ताव राजपत्रात छापणं, हरकती मागवणं आणि जाहीर सुनावणी घेणं बंधनकारक केलं होतं. अंतिम आदेश निघाल्यावर न्यायालयात जायची वाट जवळजवळ बंद होते. त्यामुळे जे बोलायचं ते हरकतींच्या काळातच. तेव्हा आमदार-खासदार आपापल्या सोयीच्या गावांसाठी बोलतीलच. ग्रामपंचायती, बार असोसिएशन, व्यापारी आणि महाविद्यालयातली मुलं बोलणार का, हा खरा प्रश्न आहे.

मागण्या साध्या आहेत. तालुका शक्यतो फोडू नका. जिल्ह्याबाहेर जोडायचंच असेल तर कारण लेखी सांगा. दोन तालुक्यांचा मतदारसंघ असेल तर नाव दोघांचं ठेवा. आणि गावनिहाय जुना-नवा नकाशा मराठीत, मोबाइलवर उघडेल असा, हरकतींची मुदत संपायच्या आधी द्या. कंधारच्या वेळी लोकांना बदल कळला तो मतदान केंद्रावर. पुढच्या वेळी तो प्रस्ताव छापला जाईल तेव्हाच कळला पाहिजे.